ड्रॅगनचं चालेल, पण मुलगा काय करतो?

यवतमाळात शिफारशीला तोटा नाही. यंदा कपाशीचं कोणतं बियाणं लावायचं, गुडघे कोणाला दाखवायचे, पोराला बारावीला कोणता क्लास लावायचा, पोरीसाठी दारव्ह्याचं स्थळ बघायचं की दिग्रसचं, कोणाकडची तुरीची डाळ लवकर शिजते, हे सगळं इथं न विचारता सांगितलं जातं. दत्त चौकात ऑटोची वाट बघत उभा राहिलेला माणूस दोनचार शिफारशी पदरात घेऊनच ऑटोत बसतो. शिफारस करणाऱ्याची जबाबदारीही ठरलेली आहे. बियाणं उगवलं नाही, तर पुढची पाच वर्षं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत त्याला ते ऐकून घ्यावं लागतं. स्थळ उगवलं नाही, तर जन्मभर.

पुस्तकाची शिफारस मात्र या व्यवहारात कुठंच बसत नाही. 'हे वाचून बघा' म्हटलं, की समोरचा आधी आपल्या तब्येतीची चौकशी करतो. मग 'वेळच कुठी भेटते जी' म्हणतो आणि पुढचा पाऊण तास मोबाइलवर परक्याच्या घरातलं मांजर बघत बसतो. त्यातून पुस्तक इंग्रजी, पाचशे पानांचं, आणि त्यात ड्रॅगन! तरीही गेले काही महिने मी या गावात एका ड्रॅगनवाल्या प्रेमकथेची शिफारस करते आहे. मला वाटलं होतं, लोक ड्रॅगनपाशी अडतील. ड्रॅगनपाशी कुणी अडलंच नाही. जिथं अडले, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी मालाची माहिती. रेबेका यारोस या अमेरिकन लेखिकेची ही मालिका. पहिला भाग 'फोर्थ विंग' मे २०२३मध्ये आला, दुसरा 'आयर्न फ्लेम' त्याच वर्षी नोव्हेंबरात आणि तिसरा 'ऑनिक्स स्टॉर्म' जानेवारी २०२५मध्ये. एकूण पाच भाग करायचा बेत आहे. तिसऱ्या भागाच्या पहिल्याच आठवड्यात २७ लाखांहून अधिक प्रती खपल्या. आता २०११च्या जनगणनेत आपल्या यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या होती २७ लाख ७२ हजार. म्हणजे उमरखेडपासून वणीपर्यंत, पाळण्यातल्या बाळापासून ओसरीवर खोकणाऱ्या आजोबांपर्यंत, जवळजवळ दरडोई एक प्रत वाटावी एवढा माल सात दिवसांत उठला. आपल्याकडे अशी उचल फक्त युरियाची होते, आणि तीसुद्धा तो आला तर.

शिफारशीसाठी मी आमची भिशी निवडली. भिशीचा एक फायदा असतो. चिठ्ठी निघेपर्यंत कुणी उठून जात नाही. मंडळी तशी सगळ्या प्रांतांतली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आणि अजूनही समोरच्याला उभं करून प्रश्न विचारणाऱ्या काकू. पुसदच्या माहेरचा उल्लेख केल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या वैनी. पांढरकवड्याजवळ वावर असलेली माझी धाकटी जाऊ. कोपऱ्यातल्या खुर्चीवर सासूबाई. आणि समोरच्या घरातली नवी सून, जिला मराठी साहित्य घेऊन शिकायचं होतं आणि जी फार्मसीची पदवी घेऊन आता बँकेत आहे.

लेखिकेला सहा मुलं आहेत आणि नवरा लष्करात हेलिकॉप्टर चालवायचा, एवढं सांगेपर्यंत पहिला प्रश्न आला.

"मंग सैपाक कोन करते?" वैनी.

ते पुस्तकात दिलेलं नाही, असं सांगून मी गोष्टीला हात घातला. नवार नावाचा देश. सीमेवर कायम लढाई. तिथं बॅसगायथ नावाचं युद्ध महाविद्यालय. चार शाखा: ड्रॅगनस्वार, लेखनिक, वैद्य आणि पायदळ. व्हायोलेट नावाची वीस वर्षांची मुलगी. वडील लेखनिक होते, त्यांच्या मागंमागं ग्रंथागारात वाढलेली. तिला लेखनिकच व्हायचं होतं. आयुष्यभर जुनी बाडं वाचत बसायचं, एवढीच इच्छा. पण आई सैन्यात जनरल. तिनं ऐनवेळी हुकूम सोडला, की आमच्या घरातलं लेकरू ड्रॅगनवरच बसेल.

"म्हंजे पोरीले आर्ट्स घ्यायचं होतं आन् मायनं जबरदस्तीनं सायन्सले टाकलं," काकूंनी एका वाक्यात कथासार दिलं. अमेरिकेतल्या समीक्षकांना हे जमलेलं नाही. मग चष्मा सारखा करत म्हणाल्या, "मायचं काय चुकलं?"

इथं भिशीत सरळ दोन तट पडले. पन्नाशीच्या पुढच्या साऱ्या जनरलबाईंच्या बाजूनं. लेखनिक होऊन काय कारकुनी करायची, आईनं पुढचा विचार केला, आज वाईट वाटलं तरी उद्या पोरगी नाव काढेल. तिशीच्या आतल्या साऱ्या छताच्या पंख्याकडे बघत होत्या. नव्या सुनेनं मात्र खाली मान घालून विचारलं, "पुस्तक कुठं मिळतं?" ही माझी पहिली यशस्वी शिफारस.

पुढं प्रवेशाचा प्रसंग येतो. कॉलेजात शिरायचं तर उंचावरच्या अरुंद दगडी कठड्यावरून चालत जायचं. खाली दरी, वरून पाऊस. पडला तो मेला.

"डोनेशन?"

"डोनेशन नाही."

"दुसरी फेरी?"

"पडल्यावर कसली दुसरी फेरी?"

"हे काई बरोबर नाई," वैनी म्हणाल्या. "स्पॉट राउंड तरी पाह्यजे."

रोज सकाळी कॉलेजात मेलेल्या विद्यार्थ्यांची नावं वाचतात, हेही सांगितलं. त्यावर कुणी हळहळलं नाही. सगळ्याजणींची मुलं क्लासमधून गेलेली. दर रविवारच्या चाचणीची यादी भिंतीवर लागते आणि आपलं नाव खालून शोधायचं असतं, हे त्यांनी भोगलेलं होतं. कल्पित वाङ्मय म्हणून ज्या गोष्टीवर तिकडं बोटं तोंडात जातात, ती इथं जून महिना म्हणून ओळखली जाते.

खरा जीव जडला तो नायिकेच्या सांध्यांवर. व्हायोलेटचे सांधे कमजोर असतात. जरा ताण आला की खांदा निखळतो, गुडघा सरकतो, मनगट जातं. लेखिकेला स्वतःला एहलर्स-डॅनलॉस नावाचा संयोजी ऊतींचा विकार आहे, आणि तो अनुभव तिनं नायिकेच्या अंगी घातला आहे. त्यामुळं ही मुलगी दुखणं विसरून एकदम वीरांगना होत नाही. ती पट्ट्या बांधते, वेळ राखून चालते, जिथं ताकद पुरत नाही तिथं डोकं चालवते. ड्रॅगनच्या पाठीवर टिकता येईना, तर तिच्यासाठी खास खोगीर बनवतात. हे ऐकताना भिशीतले सगळे गुडघे एकाग्र झाले होते.

"मंग वर चढते कशी?" सासूबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ड्रॅगन पाय पुढं करतो. त्यावरून चढते."

"पाहा!" सासूबाई माझ्याकडे नाही, माझ्या नवऱ्याच्या फोटोकडे बघत म्हणाल्या. "जनावराले कळते."

आता व्हायोलेटचा ड्रॅगन, टेर्न. मी दबकत दबकतच त्याला आणला. घराएवढं अंग, काळेकुट्ट खवले, पंख, शेपूट, तोंडातून आग. आणि माणसाच्या मनात थेट बोलतो. यावर शंका येतील अशी माझी तयारी होती. धाकटी जाऊ पुढं सरकली.

"खाते काय?"

"मेंढ्या वगैरे."

"रोही खाते?"

रोही म्हणजे नीलगाय. रात्रीतून कळप शिरतो आणि सकाळी वावरात तुरीऐवजी काड्या उभ्या असतात. मी म्हटलं, एवढं मोठं जनावर, रोही सोडायचं नाही.

"आन् रानडुक्कर?"

"तेही खात असेल."

"मंग दोन पाठोव आमच्या वावरात," जाऊ म्हणाली. "फक्त एवढं विचारून घेजो, कपाशी जळाली तर पंचनामा वनविभाग करते का तलाठी?"

तिच्या वावरापासून टिपेश्वरचं अभयारण्य लांब नाही. वाघ दिसला तर काय करायचं, हे तिच्या घरच्या पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवतात. अशा माणसाला हिंस्र प्राणी आहे की नाही हा प्रश्न पडत नाही. तो कोणत्या खात्याकडे येतो, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं.

मग माझ्या लक्षात आलं, की आपण वऱ्हाडात ड्रॅगनची ओळख करून देतो आहोत, हाच आगाऊपणा आहे. उडणाऱ्या जिवाच्या मध्यस्थीनं जुळलेलं प्रेम हा तर आमच्या मातीतला जुना धंदा. विदर्भाच्या भीम राजाची दमयंती आठवा. नळाची शिफारस तिच्याकडे कोणी केली? हंसानं. नळानं त्याला पकडलं, त्यानं सुटकेच्या बदल्यात कबूल केलं, उडत विदर्भात आला आणि राजवाड्याच्या बागेत नळाची अशी जाहिरात केली, की पोरीनं न बघता पसंती दिली. स्वयंवरात तर इंद्र, अग्नी, वरुण आणि यम असे चार देव नळाचंच रूप घेऊन ओळीत बसले. तिनं त्यांना ओळखलं कशावरून? देवांच्या पापण्या लवत नव्हत्या, सावली पडत नव्हती आणि गळ्यातले हार कोमेजत नव्हते. पुढं वणव्यात कर्कोटक नाग सापडतो, नळ त्याला आगीतून उचलतो आणि तो नळालाच डसून त्याचं रूप पालटून टाकतो. आग झाली, सरपटणारा झाला, बोलणाराही झाला. पंख तेवढे हंसाकडे राहिले.

आणि दमयंती काही एकटी नाही. रुक्मिणी इथलीच, वर्धेकाठच्या कौंडिण्यपूरची. अगस्तीची लोपामुद्रा विदर्भाची. कालिदासानं अजासाठी जी इंदुमती निवडली, तीही विदर्भाची. प्राचीन वाङ्मयाला नायिका पुरवण्याचा ठेका जणू आमच्याकडे होता. नायक बाहेरून यायचे, रथ घेऊन, आणि पोरी घेऊन जायचे. तेव्हापासून इकडचं जे चांगलं पिकतं ते बाहेरच जातं, ही तक्रार आहे.

ओसरीवर बसलेल्या मामंजींना आतलं सगळं ऐकू जात होतं. त्यांनी तिथूनच विचारलं, "आग खाते आन् धूर सोडते म्हनता, डबे किती ओढते?"

"मामंजी, तो एकाच माणसाला घेऊन उडतो."

"एकालेच? मंग परवडते कसं?"

मामंजींच्या आयुष्यात ड्रॅगन येऊन गेलेला आहे. त्याचं नाव शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, अरुंद रुळांवरून. इथला कापूस मुंबईकडे आणि तिथून मँचेस्टरला नेण्यासाठी इंग्रजी अमदानीत किलिक-निक्सन कंपनीनं ही लाइन टाकली. कापूस मँचेस्टरला गेला आणि मोबदल्यात मँचेस्टरनं १९२१ साली बांधलेलं एक वाफेचं इंजिन इकडं पाठवलं. ते कोळसा खाई, विहिरीएवढं पाणी पिई, ठिणग्या ओके आणि १९९४च्या एप्रिलपर्यंत सत्तरएक वर्षं राबत राहिलं. देशातल्या बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या, ही लाइन मात्र खासगी कंपनीच्या नावावरच राहिली. म्हणजे ड्रॅगन आमच्या दारात, दाणावैरण सरकारची आणि दावं कंपनीच्या हातात. नंतर डिझेलचं इंजिन आलं, आणि काही वर्षांनी तेही थांबलं. पण विचार करा, ज्या गावानं आग ओकणाऱ्या लोखंडी धुडाला जगातल्या सर्वांत हळव्या प्रेमकथेच्या नायिकेचं नाव दिलं, त्याला प्रणय आणि ड्रॅगन एकत्र कसे नांदतात हे अमेरिकेनं काय सांगावं?

"टेर्न तासाला किती मैल जाते ते सांगा," मामंजी म्हणाले. "शकुंतलेतून उतरून मानूस बोरं तोडून परत चढे. हे सोय हाय काय त्याच्यात?"

नाही. ही सोय टेर्नमध्ये नाही.

तर इथवर शिफारस सुरळीत चालली होती. गाडी अडली ती नायकापाशी. झेडन रायोर्सन. मी त्याचं वर्णन सुरू केलं, उंच, सावळा, करारी, अंगाला पुदिन्याचा वास...

अत्तराचा विषय निघाला की आमच्या जिल्ह्यात क्षणभर सगळे गप्प होतात. २०१८ साली राळेगाव-पांढरकवड्याच्या रानात टी-१ वाघिणीच्या मागावर असताना वनविभागानं 'ऑब्सेशन' नावाचं विलायती अत्तर फवारलं होतं. ते दिवस हसण्याचे नव्हते. माणसं गेली, शेवटी नोव्हेंबरात वाघीणही गेली. पण सुवासाची भूल कुठवर पोचते हे आम्ही वर्तमानपत्रात वाचून बसलेलो आहोत. त्यामुळं पुदिन्याला कुणी हरकत घेतली नाही.

हरकती पुढं आल्या. "मुलगा करते काय?" काकूंनी विचारलं, आणि मला कळून चुकलं की आता वर्णन बंद, बायोडाटा चालू. मी सांगत गेले. शिक्षण: युद्ध महाविद्यालय, तिसरं वर्ष. पद: चौथ्या विभागाचा प्रमुख. वाहन: निळा ड्रॅगन, मादी, तापट. गुण: सावल्या त्याच्या हुकमतीत. वडील: हयात नाहीत, बंड केलं म्हणून देहदंड झाला. त्यांना पकडलं कोणी? मुलीच्या आईनं. मुलीचा भाऊ? त्याच बंडात गेला, निदान कागदोपत्री. मुलाच्या अंगावर काही? मनगटापासून वर चढलेली खूण, हौसेची नाही, बंडखोरांच्या मुलांना मिळालेली.

"थांब," वैनी म्हणाल्या. "म्हंजे पोराच्या बापाले पोरीच्या मायनं फासावर चढवलं, आन् तरी तुमी हे स्थळ सुचवून राह्यले?"

"मी नाही सुचवत, लेखिका..."

"शेती किती?"

"टिरेंडॉर नावाच्या अख्ख्या प्रांताचा वारस. पण बंडानंतर सगळं गेलं."

"सातबाऱ्यावर सरकारचं नाव लागलं म्हना," जाऊ म्हणाली. मग थोडी आशा ठेवून, "ओलिताची होती का कोरडवाहू?"

यारोसबाईंनी तीन भागांत नकाशे दिले, राजवंश दिले, ड्रॅगनच्या शेपटांचे प्रकार दिले. ओलिताखालचं क्षेत्र दिलं नाही. जागतिक वाङ्मयातली ही मोठी उणीव असून पुढच्या आवृत्तीत तरी ती भरून निघावी.

आता या प्रकरणाचं मर्म सांगते, कारण शिफारशीचं खरं कारण तेच आहे. तिकडचे वाचक या कथेवर लट्टू आहेत ते वैर आणि प्रेम यांच्या जुगलबंदीमुळं. दोघं एकमेकांना मारायला टपलेले, आणि नशिबानं एकमेकांना बांधले गेलेले. पण बांधले कसे गेले? व्हायोलेटला निवडलं टेर्ननं. झेडनला आधीच निवडलंय स्गेल नावाच्या ड्रॅगनीनं. आणि टेर्न-स्गेल हे आपसांत नवराबायको. ते एकमेकांपासून फार काळ दूर राहू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या स्वारांनाही दूर राहता येत नाही. एकजण मेला तर चौघांचाही भरवसा नाही.

मी हे सांगितल्यावर भिशीत जो समाधानाचा सुस्कारा निघाला तो ऐकण्यासारखा होता.

"म्हंजे मोठ्यायनं जमवलेलं हाय," काकू म्हणाल्या. "पोरायले विचारलं नाई."

"नाही."

"आन् आता वाडवडलांसाठी पोरायनं जमवून घ्यायचं."

"तसंच."

"मंग लव्हस्टोरी काहून म्हनता? चांगलं रीतसर स्थळ हाय हे!"

सगळ्या जगानं ज्याला बेभान प्रेम म्हटलं, ते यवतमाळच्या भिशीनं पाच मिनिटांत ठरवून केलेल्या लग्नाच्या खात्यात जमा केलं, आणि मला त्यात खोट काढता येईना. उलट पुढचे पुरावे मीच दिले. ड्रॅगनला आपल्या स्वाराच्या मनातलं सगळं ऐकू येतं. टेर्न सदा कुरकुरत असतो, पोरीच्या मनात झेडनचा विचार आला की तिथल्या तिथं शेरा मारतो. ड्रॅगनांच्या मनात उधाण आलं की त्याचे तरंग स्वारांपर्यंत येतात. एकांत म्हणून कुठं नाही. दोन खोल्यांत सासूसासऱ्यांसोबत संसार केलेल्या बायकांना यातला रोमांच समजावून सांगावा लागला नाही. नव्या सुनेनं तर इतक्या जोरात मान हलवली, की तिच्या सासूबाईंनी वळून पाहिलं.

एक अडचण मात्र कुठल्याही शिफारस करणाऱ्यापुढं येते, आणि ती लपवणं बरं नाही. पुस्तकाच्या उत्तरार्धात काही प्रसंग असे आहेत, की ते वाचताना ओसरीवर मामंजी असू नयेत. लेखिकेनं तिथं पडदा वगैरे पाडलेला नाही. खिडक्याही उघड्या ठेवल्या आहेत. हे पुस्तक नव्या सुनेला दिलं तेव्हा मी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालून दिलं. पुढच्या खेपेला ते परत आलं तेव्हा कव्हर दुसऱ्या वर्तमानपत्राचं होतं. म्हणजे मधे किमान एका घरी जाऊन आलं होतं. कोणाच्या, ते कुणीच बोललं नाही. पण काकूंना झेडनच्या पाठीवरचे व्रण किती, हे मी न सांगता माहीत होतं.

तरीही कुणीतरी कुरकुरलंच, की पोरीबाळींच्या हाती असलं देऊ नये. त्यांना उत्तर सासूबाईंनी दिलं. मी दिलं असतं तर ते उत्तर ठरलं नसतं.

"माह्यं लगन जमत नव्हतं," त्या म्हणाल्या, "तवा मायनं मले रुक्मिणीस्वयंवराची पोथी वाचाले बसवलं होतं."

एकनाथमहाराजांनी १५७१ साली काशीत पूर्ण केलेला हा ग्रंथ. लग्न जमावं म्हणून उपवर मुलींनी तो वाचायचा, ही महाराष्ट्रभरची रीत. आता त्यात आहे काय? घरच्यांनी ठरवलेलं शिशुपालाचं स्थळ पोरीला नको. ती ब्राह्मणाच्या हाती परक्या तरुणाला निरोप धाडते, की येऊन घेऊन जा. तो येतो, देवीच्या देवळातून तिला रथात घालून नेतो. भाऊ मागं लागतो, लढाई होते, भावाची अर्धी दाढीमिशी भादरली जाते. थोडक्यात, पळून जाऊन केलेल्या लग्नाची पोथी, घरच्यांनी ठरवलेलं लग्न व्हावं म्हणून, घरच्यांनीच वाचायला दिलेली. साडेचारशे वर्षं ही शिफारस अव्याहत चालू आहे आणि कुणाला त्यात विसंगती दिसलेली नाही. यारोसबाईंचा एका आठवड्याचा खप मोठा खरा, पण वाचलं की लग्न जमतं अशी हमी त्यांचा प्रकाशक अजून देत नाही.

भिशीला लेखिका इतकी पसंत पडली, की तिला यवतमाळला बोलवावं असा ठराव आला. मी म्हटलं, आपल्या गावात साहित्यिकांना बोलावणं जपून करावं. १९७३ साली इथं साहित्य संमेलन झालं, गदिमा अध्यक्ष होते, सगळं छान झालं. पुन्हा २०१९च्या जानेवारीत ९२वं संमेलन झालं. अरुणा ढेरे अध्यक्ष, उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग ते बोलावणं परत घेतलं. देशभर गाजलं. शेवटी जिल्ह्यातल्याच वैशाली येडे या शेतकरी बाईंनी उद्घाटन केलं आणि गावाची लाज राखली. ड्रॅगनसारखा प्राणी एकदा बोलावला आणि मग 'येऊ नका' म्हणून कळवलं, तर तो रागावून येण्याचीच शक्यता जास्त. ठराव बारगळला.

आता माझं स्वतःचं मत, कारण शिफारस करणाऱ्यानं मालाचा दर्जा सांगितला पाहिजे. भाषा साधी आहे, कधी कधी फारच. शेकडो वर्षांपूर्वीच्या वाटणाऱ्या जगातली पोरं अमेरिकन कॉलेजच्या कँटीनमधल्यासारखी बोलतात. राज्यकारभाराचा तपशील जिथं दाट हवा तिथं पातळ आहे, आणि सुस्कारे जिथं पातळ चालले असते तिथं दाट. दुसऱ्या भागाचा मधला तुकडा वाचताना मला शकुंतलेची आठवण आली. मधे उतरून बोरं तोडता येतात. पण प्रकरणाच्या शेवटी ही बाई असा खटका दाबते, की कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळत नाही. ज्यांना ललित गद्याची नजाकत हवी त्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये. ज्यांना आईनं न विचारता सायन्सला टाकलं, ज्यांचे गुडघे पायऱ्या मोजतात, ज्यांचं लग्न दुसऱ्याच दोघांच्या सोयीसाठी झालं, त्यांनी जरूर वाचावं. माझ्या हिशेबानं यात जवळजवळ अख्खा जिल्हा येतो.

इथून पुढं तिसऱ्या भागाचा शेवट आहे. ज्यांना तो स्वतः वाचायचा आहे त्यांनी चहा टाकायला जावं.

मी तो भिशीत सांगणार नव्हते. पण काकूंनी शाळेतल्या आवाजात विचारलं, "शेवटी लगन होते का नाई?" आणि मी उभी राहून उत्तर दिलं. होतं. म्हणजे झालेलं असतं. व्हायोलेट शुद्धीवर येते तेव्हा तिला मागच्या काही तासांचं काहीच आठवत नाही, झेडन निघून गेलेला असतो आणि तिच्या बोटात अंगठी असते.

"झालं?"

"झालं."

"कवा?"

"मधल्या वेळात. पानांच्या बाहेर."

भिशीत असा गलका मी बक्षिसाच्या चिठ्ठीवरही ऐकला नव्हता. एवढी दीड हजारावर पानं ऐकून घेतली. वैर सोसलं, बंड सोसलं, कोरडवाहू जमिनीचं मनावर घेतलं नाही, आणि लग्नाला बोलावणं नाही? हळद नाही, मांडव नाही, पंगत नाही? पोरीच्या बाजूनं कोण होतं? आहेर कोणी केला? टेर्नला तरी पान वाढलं का?

"नवरीलाच आठवत नाही," मी समजूत घालू लागले, "तर आपल्याला कसं..."

"नवरीले कोनत्या लगनात आठवते?" सासूबाई म्हणाल्या. "आठवाचं काम वऱ्हाड्यायचं असते."

त्या दिवशीची चिठ्ठी वैनींच्या नावानं निघाली. त्यांनी पैसे मोजले, पिशवीत टाकले आणि नव्या सुनेला म्हणाल्या, "तिन्ही भाग मागोव मोबाइलवरून. इंग्रजी हाय तर असू दे, तू वाच, मी आयकतो. कोन कोन आलतं ते शोधून काढाच लागन. आन् चवथा निघाला की पह्यले मले सांगजो. त्या बाईले थोडी जरी रीत असन, तर तिनं रिसेप्शन ठेवलंच असन."